आकृती झकास, पण जीएसटीचा दर बदलला की प्रोजेक्ट कोसळतं

मी आयटीआयमध्ये कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेडला शिकवते. बॅचला चोवीस मुलं, चौघांचा एक असे सहा गट, आणि त्यांतल्या निदान तीन गटांचं प्रोजेक्ट म्हणजे किराणा दुकानाचं बिल. शिवाय संध्याकाळी ओळखीतली पॉलिटेक्निकची मुलं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट घेऊन घरी येतात. मुलं दरवर्षी बदलतात, बिघाड तोच. सॉफ्टवेअरची रचना, म्हणजे आर्किटेक्चर, आपण शिकवतो. मुलं ती जर्नलमध्ये उतरवतात, तोंडीला घडाघडा सांगतात, आणि प्रोग्राम उघडला की तिथे तिचा मागमूस नसतो. नव्याने लागलेले सहकारी फोन करून हेच विचारतात, म्हणून कुठून तपासायला लागावं ते एकदाचं लिहून ठेवते. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग वेळखाऊ.

लक्षणं

जर्नलमध्ये तीन मजल्यांची आकृती असते: वर स्क्रीन, मध्ये हिशोब, खाली डेटाबेस. रंगीत पेनांनी काढलेली. पण "यातला मधला मजला कुठल्या फाइलीत आहे?" असं विचारलं की चौघं एकमेकांची तोंडं बघतात.

प्रत्यक्षात फाइल एकच असते, हजार-बाराशे ओळींची, आणि नाव असतं "फायनल नवीन २".

"मॅडम, काल चालत होतं." हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकू येतं.

एका जागी हात लावला की भलतीकडेच मोडतं. एका गटाने बिलाच्या छपाईत दुकानाचं नाव मोठं केलं आणि साखरेचा साठा उणे दाखवायला लागला. कारण साठा वजा करणारी ओळ छपाईच्या फंक्शनमध्येच (फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा) होती आणि छपाई तपासायला त्यांनी तेच बिल सतरा वेळा छापलं.

आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचं लक्षण: गटातलं एकच पोरगं कीबोर्डला हात लावतं. बाकीचे तिघे आळशी नसतात, घाबरलेले असतात.

यांतली दोन लक्षणं दिसली तर पुढे वाचा.

पहिली तपासणी: एक प्रश्न, कॉम्प्युटर बंद ठेवून

"उद्या तुपावरचा जीएसटी बदलला, तर तुला किती ठिकाणी हात लावावा लागेल?"

हा प्रश्न हवेतला नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, देशभर दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले. तूप १२ वरून ५ वर आलं, टूथपेस्ट १८ वरून ५ वर, एसी २८ वरून १८ वर. दुकानदारांची त्या आठवड्यात काय धावपळ उडाली ती मुलांनी स्वतः पाहिली आहे, काहींच्या तर घरचीच दुकानं आहेत.

उत्तरं तीन तऱ्हेची येतात. "एकाच ठिकाणी" म्हणणारा कधी खरं बोलतो, कधी ठोकून देतो. ते पुढच्या तपासणीत कळतं. "शोधावं लागेल" हे प्रामाणिक उत्तर आहे आणि या मुलाबरोबर काम सोपं जातं. तिसरं उत्तर असतं, "मॅडम, पण दर कशाला बदलेल?" हे ऐकलं की प्रोग्राम बाजूला ठेवा. बिघाड अजून कोडमध्ये पोचलेलाच नाही. प्रोग्राम एकदा लिहिला, सबमिट केला, संपला, असं त्याच्या डोक्यात आहे. ज्याला बदल येणार हेच ठाऊक नाही त्याला मजले कशासाठी बांधायचे हे कळणार कसं?

दोन मिनिटांत होते म्हणून ही तपासणी पहिली. बिघाड समजुतीतला की हातातला, एवढं ती वेगळं करते.

दुसरी तपासणी: दर कुठे कुठे लपलाय ते शोधा

व्हीएस कोडमध्ये (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) फोल्डर उघडून कंट्रोल-शिफ्ट-एफ, म्हणजे सगळ्या फाइलींत एकदम शोध. पाच मिनिटांचं काम, पण नुसतं १२ शोधून भागत नाही. बारा टक्के कोडमध्ये वेष पालटून बसलेले असतात. कुठे ०.१२ असतात. कुठे १.१२, कारण करासकट रक्कम एका दमात काढायची होती. कुठे ६ आणि ६, कारण बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा छापायचा असतो. आणि एखाद्या हुशार गटात ११२ ने भागलेलं सापडतं, कारण त्यांनी एमआरपीतून कर मागे काढलाय. एका गटाचे मी फळ्यावर मांडले होते: ०.१२ पाच वेळा, ६ चार वेळा, १.१२ दोनदा. एका दराची अकरा घरं.

याच गटातल्या एकाने मी दुसऱ्या गटाकडे वळल्याबरोबर "रिप्लेस ऑल" मारलं. १२ च्या जागी ५. तर ०.१२ चं झालं ०.५, म्हणजे तुपावर पन्नास टक्के कर. १.१२ चं झालं १.५. वह्यांचा डझन पाच वह्यांचा झाला. आणि ६ अधिक ६ जिथे होते तिथे काहीच झालं नाही. वर्ग पोट धरून हसला, पण रचना म्हणजे काय हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळलं तेवढं माझ्या आधीच्या तीन तासांत कळलं नव्हतं. तेव्हापासून मी हा प्रकार मुद्दाम करायला लावते. आधी फोल्डरची कॉपी काढून, अर्थात.

उपाय सांगताना एक खबरदारी घ्या. "वर एक स्थिर संख्या लिहा आणि तीच सगळीकडे वापरा" असं सांगितलं की मुलं तिला "दर१८" असं नाव देतात. मग टूथपेस्ट १८ वरून ५ वर गेली पण मोबाइल १८ वरच राहिला, तर "दर१८" चं करायचं काय? नाव आकड्यावरून ठेवलं की आकडा बदलल्यावर नावच खोटं पडतं. दर वस्तूच्या प्रकाराला चिकटलेला हवा, आणि तो सांगणारं फंक्शन एकच हवं. बाकी सगळ्यांनी त्यालाच विचारायचं: टूथपेस्टवर किती? स्वतःच्या खिशात कोणी दर ठेवायचा नाही.

याच शोधात डेटाबेसचा पासवर्डही शोधा. चौघांच्या गटात जोडणीचं कोड बहुतेक वेळा चार ठिकाणी सापडतं, कारण आपणच काम "तू एक स्क्रीन, तू दुसरी" असं वाटलेलं असतं. माणसांची वाटणी जशी, तशीच प्रोग्रामची घडण होते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. पॉलिटेक्निकची मुलं नेटवरून उतरवलेलं जुनं पीएचपी (वेबसाइट बनवायची भाषा) प्रोजेक्ट आणतात, तेव्हा याचा फटका जोरात बसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७ मधून, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्येच, काढून टाकलेली आहेत. लॅबमधल्या नव्या झॅम्पवर (पीएचपी आणि डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) असं प्रोजेक्ट पहिल्याच पानावर मरतं. डेटाबेसशी बोलणारी फाइल एकच असेल तर दुरुस्ती तासाभराची, चाळीस पानांत पसरलेली असेल तर आठवडा गेला.

तिसरी तपासणी: प्रिंट की रिटर्न

माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त केसेस इथे निघतात, आणि या गोष्टीला आर्किटेक्चर म्हणायला कोणी तयार नसतं.

मुलाला बेरजेचं फंक्शन लिहायला सांगा. मग म्हणा, आता ही बेरीज दुप्पट कर. ज्याने फंक्शनमध्ये उत्तर प्रिंट केलंय त्याला दुप्पट करायला हातात काहीच नसतं. पायथॉन ही भाषा त्याला "नन", म्हणजे काहीच नाही, असं देते आणि लाल ओळी येतात. तो काय करतो? फंक्शनच्या आतच दुप्पट करून तिथेच प्रिंट करतो. बिलाच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच होतं. एकूण काढणारं फंक्शन एकूण परत देत नाही, स्क्रीनवर लिहून मोकळं होतं. मग करासाठी परत तोच हिशोब, छपाईसाठी परत तोच. त्या अकरा घरांची पैदास इथली.

मी मुलांना म्हणते, "अरे, दुकानात पोऱ्याला गोदामातून तेलाचा डबा आणायला पाठवलं. तो तिथूनच ओरडला 'डबा आहे!' आणि घरी गेला. गिऱ्हाइकाला काय देणार?" प्रिंट म्हणजे ओरडणं, रिटर्न म्हणजे डबा आणून काउंटरवर ठेवणं. यानंतर जो "ओरडू नको, आणून दे" म्हणत दुसऱ्याचं कोड दुरुस्त करतो, त्याला समजलं असं मी धरते.

सरावाला एसटीचं तिकीट द्या, दुकान न पाहिलेल्यांनाही ते कळतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. पंचाहत्तरीच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं. आता सत्तर वर्षांच्या आजी, पूर्ण भाडं १०० रुपये. एकाखाली एक "जर" लिहून प्रत्येकात भाडं निम्मं करणाऱ्या मुलाकडे आजी २५ रुपयांत जातात. कंडक्टर काही असं तिकीट फाडणार नाही. "कोणती सवलत लागू" हे ठरवणारं फंक्शन वेगळं काढून त्याने एकच उत्तर परत द्यायचं, हे मुलं स्वतःहून सुचवतात. त्यांना रचना सुचली आहे हे लगेच सांगू नका, लिहू द्या.

चौथी तपासणी: आकृतीवर बोट, मग फोल्डरवर बोट

जर्नल उघडा. आकृतीतल्या प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून त्याची फाइल दाखवायला सांगा. ज्या चौकोनाला फाइल नाही तो पेन्सिलीने खोडा. बहुतेकदा एकच चौकोन उरतो. पुढची आकृती प्रोग्राम लिहून झाल्यावरच काढायची, हा माझ्या लॅबचा नियम आहे.

मजले वेगळे का ठेवायचे हे दाखवायला आमच्या आवारातच सोय आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या वर्गात घेऊन जाते. तिथे सरावाच्या बोर्डावर प्रत्येक खोलीची एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) वेगळी असते. सर एका लाइनवर मुद्दाम शॉर्ट करतात, ती एक एमसीबी पडते, बाकीचे दिवे चालूच. मग सगळं एकाच लाइनवर जोडून तेच करतात आणि अख्खा बोर्ड अंधारात जातो. वायरिंगची मुलं आमच्याकडे कीव केल्यासारखी बघतात. त्यांना हे पहिल्या महिन्यातच शिकवतात.

पाचवी तपासणी: प्रोग्रामची खिडकी न उघडता हिशोब होतो का?

टर्मिनलवरून, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्यावरून, फक्त हिशोबाचं फंक्शन बोलवा. तूप, मूळ किंमत ५००, नग एक. ५२५ आलं तर मधला मजला खरंच आहे. खिडकी उघडली, किंवा "टेक्स्टबॉक्स सापडत नाही" अशी चूक आली, तर हिशोब स्क्रीनमध्ये विरघळलेला आहे. अर्धा दिवस द्या आणि फक्त हा एक हिशोब बाहेर काढून घ्या. सगळं एकदम सुटं करायला गेलात तर संध्याकाळी टेबलावर नुसते सुटे भाग असतील.

सहावी तपासणी: परवाचं बिल आज छापा

बाकी सगळं जमलेल्या गटासाठी हे राखून ठेवते. इथे बिघाड कोडमध्ये नसून टेबलांच्या आखणीत असतो, आणि निस्तरायला दोन-तीन दिवस जातात.

शनिवारी, २० सप्टेंबर २०२५ ला, तुपाचा डबा विकला. मूळ किंमत ५००, बारा टक्क्यांनी कर ६०, एकूण ५६०. (खऱ्या दुकानात एमआरपीतच कर धरलेला असतो. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये मूळ किंमत वेगळी ठेवतो, हिशोब दिसावा म्हणून.) सोमवारी दर बदलला. मुलांनी शहाण्यासारखा एकाच जागी बदलला, शाबासकीही मिळवली. मंगळवारी गिऱ्हाईक डबा परत घेऊन आलं. जुनं बिल काढलं तर स्क्रीन म्हणते ५२५. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद म्हणतो ५६०. पस्तीस रुपयांवरून काउंटरवर भांडण.

कारण साधं आहे. बिलाच्या टेबलात फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग ठेवलेत, रक्कम दर वेळी नव्याने काढली जाते. नवा दर आला की जुनी सगळी बिलं मागच्या मागे बदलतात. उपाय असा की बिलाच्या प्रत्येक ओळीत विक्रीच्या वेळची किंमत, दर आणि कर लिहून ठेवायचे, आणि दराच्या टेबलात "कधीपासून" असा एक रकाना वाढवायचा.

इथे एक तरी मुलगी हात वर करते. "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, एकच माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही?" या प्रश्नाची मी वर्षभर वाट बघते. आजचा दर आणि त्या शनिवारी लावलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बदलते, दुसरी कधीच बदलणार नाही. कोणती गोष्ट बदलणार आणि कोणती नाही, हे ठरवणं हेच रचनेचं काम. मग तिलाच फळ्यापाशी बोलावते.

सातवी तपासणी: आपली स्वतःची

सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. सलग दोन बॅचमध्ये तोच बिघाड आला तर मुलांना दोष देऊन उपयोग नाही.

मी कित्येक वर्षं फ्लोचार्टपासून सुरुवात करायचे: माहिती घ्या, हिशोब करा, छापा. मुलं त्याच पायऱ्यांनुसार फाइली पाडायची, एक "इनपुट", एक "प्रोसेस", एक "आउटपुट". दिसायला नीटनेटकं. पण दर बदलला की तिन्ही फाइलींना हात, कारण दर तिघांनाही ठाऊक. संगणकतज्ज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या निबंधात हीच चूक दाखवली आहे: कामाच्या पायऱ्यांवरून तुकडे पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एकेका तुकड्यात झाकून ठेवा. हे मला नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं आणि माझ्याच जुन्या नोट्सची लाज वाटली.

दुसरी चूक म्हणजे दर महिन्याला नवा प्रोग्राम. कॅल्क्युलेटर, मग ग्रंथालय, मग हजेरी. कुठलाच प्रोग्राम दुखायला लागेपर्यंत जगत नाही. दोनशे ओळींच्या आणि पंधरा दिवस आयुष्य असलेल्या प्रोग्रामला रचना लागत नाही, आणि मुलांना हे बरोबर कळतं. आता मी ऑगस्टला सुरू केलेलं बिल वर्षअखेरपर्यंत तेच ठेवते आणि न सांगता मागण्या बदलते. ऑक्टोबरात दर, डिसेंबरात उधारीची वही, फेब्रुवारीत गटांची अदलाबदल, म्हणजे दुसऱ्याचा प्रोग्राम पुढे न्यायचा. अदलाबदलीच्या दिवशी शिव्याशाप चालतात, चालू द्या. त्या आठवड्यात मुलं एकमेकांना विचारतात, "तू हे एका ठिकाणी का नाही ठेवलंस?" आणि मला बोलावं लागत नाही.

कुठे थांबायचं

वीस ओळींचा प्रोग्राम वाचून कागदावर उत्तर काढता येत नसेल, तर रचना शिकवणं तिथेच थांबवा. दोन आठवडे फक्त फंक्शन. मजल्यांची भाषा त्या मुलाला आणखी घाबरवेल.

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर प्रोग्राम उलगडू नका. दर तेवढा एका जागी आणा आणि बाकीचं तसंच चालू द्या. मी एकदा मोह आवरला नाही आणि एका गटाला तोंडीच्या दिवशी चालणारं काहीच दाखवता आलं नाही.

मुलाच्या काकांनी प्रोजेक्ट खरोखर दुकानात लावलं असेल, तर डेटाबेसची कॉपी पेन ड्राइव्हवर काढा आणि त्या क्षणापासून ते शिकण्याचं साधन मानू नका. रोजच्या पैशांचं कोड दुरुस्त करायला या कामावर पोट असलेला डेव्हलपर बोलवा, आणि कोणत्या वस्तूवर किती कर हे सीए किंवा कर सल्लागाराला विचारा. तो प्रश्न आपला नाही आणि मुलांचा तर मुळीच नाही. ग्राहकांचे पासवर्ड, ऑनलाइन पैसे, दवाखान्यातल्या पेशंटची माहिती, यांतलं काहीही प्रोजेक्टमध्ये दिसलं तर खरी माहिती काढून खोटी भरा आणि मगच वर्गात उघडा.

आपण स्वतः पाच-सात वर्षं चाललेल्या प्रोग्रामवर काम केलेलं नसेल, तर सहाव्या तपासणीपाशी बाहेरचा माणूस बोलवायला संकोच करू नका. बहुतेक ठिकाणी एखादा माजी विद्यार्थी कंपनीत लागलेला असतो आणि एक दुपार आनंदाने देतो. त्याला व्याख्यान द्यायला सांगू नका. मुलांचा प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवा, एक बदल सांगा आणि प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर करू द्या. तो येण्याआधी तीन गोष्टी तयार ठेवा: फोल्डरची एक चालणारी कॉपी, डेटाबेसची कॉपी, आणि काय केल्यावर काय मोडतं याची मुलांच्याच हस्ताक्षरातली यादी.